बिशप केव्हापासून?



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातली संध्याकाळ, उकाड्याने जीव हैराण झालेला, आणि व्याख्यात्याने विषय निवडावा तो कोणता, तर ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या पदग्रहणाच्या तारखा! ज्यांना उठून जावयाचे असेल त्यांनी खुशाल जावे. दार उघडे आहे. मात्र राहिलात तर मुंबई, पुणे आणि गोवे येथपर्यंत मी आपणांस परत आणीन, एवढे आश्वासन देतो.

डॉ. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव होते. तारीख चुकली तर कोणाला पत्र लिहावे हे वाचकाला ठाऊक असे. आज आपली मुले ज्या कोशात पाहतात तो विकिपीडिया. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी. त्याला मुखपृष्ठ नाही, एक संपादक नाही; ज्याला इच्छा होईल त्याने लिहावे, आणि दुसऱ्याने ते दुरुस्त करावे, अशी ती रीत. या रीतीची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. हजारो माणसे फुकट राबून एक कोश उभा करतात ही गोष्ट मला विलक्षण वाटते. पण तिच्यात एक खोड आहे, आणि ती त्या लेखांच्या कडेला असलेल्या छोट्याशा चौकटीत दिसते. नाव, पद, कोणापासून कोणापर्यंत, आधी कोण, नंतर कोण, एवढाच मजकूर त्या चौकटीत असतो. सगळा लेख वाचणारा शंभरात एखादा. चौकट मात्र सगळेच वाचतात. चौकट विचारते, ‘केव्हापासून?’ आणि तिला एकच उत्तर हवे असते. चर्चच्या कारभारात तर या प्रश्नाला दोन, तीन, कधी चार उत्तरे असतात, आणि ती सगळी खरी असतात.

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. मामलेदाराची बदली झाली म्हणजे काय होते? प्रथम हुकूम निघतो. मग तो जुन्या जागेवरून कार्यमुक्त होतो. मग नव्या जागी रुजू होतो, चार्ज घेतो. हुकूम निघाला त्या दिवसापासून तो नव्या तालुक्याचा मामलेदार, असे कोणी म्हटले तर कचेरीतला शिपाईसुद्धा हसेल. पण तोच माणूस ‘पोपने अमक्यांना बिशप नेमले’ अशी बातमी वाचतो आणि पाच मिनिटांत चौकट बदलून मोकळा होतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

प्रथम सगळ्यांत सोपे उदाहरण घेऊ. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी कार्डिनलांपुढे लॅटिन भाषेत आपला राजीनामा वाचून दाखवला. जगभर बातमी झाली की पोपने पद सोडले. वस्तुतः त्याच निवेदनात त्यांनी म्हटले होते की २८ फेब्रुवारीला रात्री आठ वाजल्यापासून हे आसन रिक्त होईल. म्हणजे मधले सतरा दिवस तेच पोप होते. त्यांनी नेमणुका केल्या, सह्या केल्या, आणि त्या सर्व ग्राह्य धरल्या गेल्या. आता गंमत पाहा. रोमला २८ फेब्रुवारीचे रात्रीचे आठ वाजले तेव्हा आपल्याकडे १ मार्चची तारीख लागून अर्धा तास झाला होता. मग पुण्यात बसून लिहिणाऱ्याने कोणती तारीख लिहावी? उत्तर सरळ आहे: ज्या गादीचा प्रश्न, तेथले घड्याळ. पण हा विचार कोणी तरी करावा लागतो, आपोआप होत नाही.

पोपची सुरुवात कशी धरावयाची तेही नक्की आहे. निवडलेला माणूस आधीच बिशप असेल, तर त्याने ‘मला ही निवड मान्य आहे’ असे म्हटले की त्या क्षणापासून तो पोप. फ्रान्सिस १३ मार्च २०१३ रोजी पोप झाले. १९ मार्चची पूजा हा समारंभ होता. चौदावे लिओ ८ मे २०२५ रोजी पोप झाले. १८ मेला समारंभ. येथवर ठीक. पण लिओ यांच्या चौकटीतच एक बारीक जागा आहे, जेथे पुष्कळ जण घसरतील. पोप होण्यापूर्वी ते रोममधील बिशपविषयक खात्याचे प्रमुख होते. ते खाते त्यांनी कोणत्या दिवशी सोडले? मनात येते, ८ मे. नवे पद मिळाले म्हणून जुने सुटले. पण रोमच्या कारभाराचा नियम असा की पोपचे निधन झाले म्हणजे थोडेसे अपवाद सोडून सर्व खातेप्रमुखांची पदे तेथेच संपतात. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. म्हणून ते पद सुटले २१ एप्रिलला, आणि पुढचे सतरा दिवस ते नुसते कार्डिनल होते. ज्याला नियम माहीत नाही त्याला ही तारीख कोणत्याही वर्तमानपत्रात चटकन सापडणार नाही, कारण ‘आज यांचे पद गेले’ अशी बातमी कोणी छापत नसतो.

आणि हे नियमही काळानुसार बदलतात. इ. स. ७५२ च्या मार्चमध्ये स्टीफन नावाचा एक धर्मगुरू पोप निवडला गेला आणि अवघ्या काही दिवसांत, बिशपपदाचा अभिषेक होण्यापूर्वीच वारला. त्या काळी अभिषेकाशिवाय पोप होत नसे, म्हणून समकालीनांनी त्याला मोजलेच नाही. पुढे निवडीला महत्त्व आले, तेव्हा शतकांनंतरच्या लोकांनी त्याला यादीत घातले. त्यामुळे पुढच्या प्रत्येक स्टीफनचा क्रमांक एकाने सरकला. शेवटी १९६१ साली व्हॅटिकनच्या वार्षिक ग्रंथाने त्याचे नाव पुन्हा काढून टाकले. तेव्हापासून बिचाऱ्या उरलेल्या स्टीफनांच्या नावापुढे दोन दोन आकडे पडतात. बाराशे वर्षांपूर्वीच्या तीन-चार दिवसांनी केवढी ही यातायात! हा सारा घोटाळा तारीख ठाऊक नसल्यामुळे झालेला नाही. तारीख ठाऊक होती. ती कशाची धरावयाची, हे ठरलेले नव्हते.

आपल्या इतिहासातही याचे दाखले आहेत. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी वारले. नानासाहेबांना शाहू छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे त्यानंतर काही आठवड्यांनी मिळाली. मधल्या काळात पेशवा कोण? वस्त्रांपासून मोजणारा इतिहासकार आणि मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणारा इतिहासकार, दोघेही प्रामाणिक असू शकतात; फक्त आपण काय मोजतो ते त्यांनी सांगावे. असो, पेशव्यांना येथेच सोडतो, नाही तर व्याख्यान तिकडेच जाईल.

आता बिशपांकडे वळू. कॅथॉलिक चर्चचा जो कायदा १९८३ पासून चालू आहे त्यात स्पष्ट म्हटले आहे की नेमलेल्या बिशपने धर्मप्रांताचा रीतसर ताबा घेतल्याखेरीज तेथल्या कारभारात हात घालू नये. ताबा घ्यावयाचा म्हणजे पोपचे नेमणूकपत्र त्या धर्मप्रांतात नेऊन तेथल्या सल्लागार मंडळाला दाखवावयाचे, दप्तराच्या अधिकाऱ्यासमक्ष, आणि त्याने त्याची नोंद करावयाची. थेट आपल्या चार्ज घेण्यासारखे! नेमलेला गृहस्थ आधीच बिशप असेल तर त्याला दोन महिन्यांची मुदत, नसेल तर चार महिन्यांची. आणि एका धर्मप्रांतातून दुसऱ्यात बदली झालेल्या बिशपची जुनी जागा हुकमाच्या दिवशी रिकामी होत नाही. नव्या जागेचा ताबा घेतल्याच्या दिवशी होते. मधल्या काळात तो जुन्या ठिकाणी मर्यादित अधिकाराचा प्रशासक असतो.

मुंबईचे आर्चबिशप ऑस्वाल्ड ग्रेशस यांचेच पाहा. आग्र्याहून मुंबईला त्यांची नेमणूक झाली ऑक्टोबर २००६ मध्ये, ताबा घेतला डिसेंबरात. पुढे २४ डिसेंबर २०१९ रोजी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. कायद्याने बिशपने त्या वयाला राजीनामा सादर करावयाचा असतो. म्हणून कोणी २०१९ साली त्यांचा कार्यकाल संपवला, तर ती चूक होय. राजीनामा सादर करणे वेगळे आणि तो मंजूर होणे वेगळे. मंजूर झाला तो २५ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने. त्यांच्या जागी आले जॉन रॉड्रिग्ज. हे पूर्वी मुंबईचेच सहायक बिशप. मार्च २०२३ मध्ये आपल्या पुण्याचे बिशप म्हणून नेमले गेले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांना मुंबईला उत्तराधिकाराच्या हक्काचे जोडबिशप नेमले. आता असा हक्क असलेल्याला गादी रिकामी झाल्यावर पुन्हा ताबा घेण्याचा विधी करावा लागत नाही. जोडबिशप म्हणून तो आधीच रुजू असेल, तर राजीनामा मंजूर झाला त्या क्षणी तो आर्चबिशप होतो. म्हणजे ग्रेशस यांच्या बाबतीत नेमणूक आणि सुरुवात यांत दोन महिन्यांचे अंतर, आणि रॉड्रिग्ज यांच्या बाबतीत शेवट आणि सुरुवात एकाच दिवशी. गादी तीच, कायदा तोच, आणि तरी चौकटीतली तारीख काढण्याची रीत निराळी. म्हणून ‘मागच्या वेळी असे केले होते’ हा आधार येथे पुरत नाही.

इतर पंथांकडे गेलो तर नियम आणखी बदलतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये जस्टिन वेल्बी यांचे नाव कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून ९ नोव्हेंबर २०१२ रोजी जाहीर झाले. पण तेथे कायद्याने पद मिळते ते निवडीवर शिक्कामोर्तब होण्याच्या विधीत. तो विधी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ४ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला. ज्या भव्य समारंभाची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली तो २१ मार्चचा. छायाचित्र पाहून तारीख लिहिणारा येथे दीड महिन्याने चुकेल. जाताना तेच: १२ नोव्हेंबर २०२४ ला राजीनाम्याची घोषणा, ६ जानेवारी २०२५ ला कार्यकालाची अखेर. अमेरिकेतील मॉर्मन मंडळींत अध्यक्ष वारला की त्याचे सल्लागार मंडळ विसर्जित होते आणि बारा प्रेषितांचे मंडळ कारभार पाहते. थॉमस मॉन्सन २ जानेवारी २०१८ रोजी वारले. रसेल नेल्सन यांना १४ जानेवारीला विधिपूर्वक अध्यक्ष केले. जाहीर झाले १६ ला. आणि अनुयायांच्या सर्वसाधारण परिषदेने हात वर करून संमती दिली ३१ मार्चला. चार तारखा! त्यांच्या प्रादेशिक प्रमुखांच्या नेमणुका तर आधी जाहीर होऊन १ ऑगस्टपासून अमलात येत असत.

आपण म्हणाल, चार दिवस इकडे, दोन महिने तिकडे. कोणाचे काय बिघडते? वेल्बी यांनी राजीनामा का दिला ते आठवा. जॉन स्मिथ नावाच्या इसमाने अनेक वर्षे मुलांचा व तरुणांचा जो छळ केला, त्याबाबत चर्चने काय केले आणि काय केले नाही, याचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अहवालाचा कणा कोणता असतो? कोणाला कोणत्या साली सांगितले, आणि तेव्हा तो कोणत्या पदावर होता. जेथे दुखावलेली माणसे न्याय मागत असतात तेथे ‘केव्हापासून’ हा प्रश्न कारकुनी राहत नाही. चुकीच्या तारखेने एखाद्या जिवंत माणसाच्या माथी न केलेली गोष्ट बसते, किंवा केलेली गोष्ट त्याच्या माथ्यावरून उतरते. चर्चची जमीन, शाळा, खरेदीखते, सगळीकडे सही त्या दिवशी कोणाची चालत होती हे पाहिले जाते.

आता आपल्या घरच्या दोन गोष्टी सांगतो. माझ्या मते या सगळ्यांत त्या अधिक मोलाच्या आहेत.

मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. पण ते आर्चबिशप कधी झाले? १९२८ च्या एका कराराप्रमाणे मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असे ठरलेले होते. त्या पाळीने १९३७ साली थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. हा माणूस मोठा दिलदार आणि दूरदर्शी. येथे भारतीय माणूसच हवा हे ओळखून त्यांनी १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप म्हणून पुढे आणले आणि स्वतः मुंबई सोडून गेले, ते ग्रेशस यांना काम करावयास मोकळी जागा मिळावी म्हणून. पद मात्र कागदोपत्री रॉबर्ट्स यांच्याकडेच राहिले. तो जुना पाळीचा करार १९५० मध्ये संपुष्टात आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ग्रेशस रीतसर आर्चबिशप झाले.

चौकटीत काय लिहाल? १९४६ लिहिले तर कारभार खरोखर कोण पाहत होता ते दिसते, पण कायदा खोटा पडतो. १९५० लिहिले तर कायदा खरा, पण चार वर्षांची ती विलक्षण व्यवस्था वाचकाच्या नजरेआड होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईचे आर्चबिशप कागदावर इंग्रज होते, मुंबईत नव्हते, आणि त्यांच्या जागी एक भारतीय काम पाहत होता, ही केवढी बोलकी गोष्ट! माझे मत विचाराल तर चौकटीत १९५० च हवे. पण लेखाच्या पहिल्या परिच्छेदात १९४६ ची हकीकत हवीच हवी. चौकट अपुरी पडते तेथे वाक्य लिहावे लागते, आणि वाक्य लिहिण्याचा कंटाळा हेच या कोशातल्या अर्ध्या चुकांचे मूळ आहे.

गोव्याची कथा याच्या उलट. जोझे व्हिएरा आल्व्हर्नाझ हे १९५३ पासून गोव्याचे आर्चबिशप व पॅट्रिआर्क. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी ते निघून गेले. पण पद सोडले नाही. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने १९७४ च्या अखेरच्या दिवशी करार करून मान्य केले, आणि आल्व्हर्नाझ यांचा राजीनामा झाला तो त्यानंतर, १९७५ मध्ये. मधली वर्षे कारभार प्रशासकांनी पाहिला, आणि राऊल गोन्साल्व्हिस आर्चबिशप झाले १९७८ साली. जो चौकटीत ‘१९५३ ते १९६२’ असे लिहील त्याने राजकारणाला धर्मकारण समजून घोटाळा केला. आणि जो नुसते ‘१९५३ ते १९७५’ लिहून थांबेल त्याच्या वाचकाला वाटेल, आल्व्हर्नाझ १९७० सालीही गोव्यात बसून पूजा करीत होते!

मग पडताळा घ्यावयाचा कसा? घोषणा ही घोषणेचा पुरावा आहे, घडलेल्या गोष्टीचा नव्हे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. तो आजारी पडला आणि समारंभ झाला ९ ऑगस्टला. पण २६ जून छापलेले चिनी मातीचे पेले आजही जुन्या बाजारात मिळतात. तारीख छापलेली आहे, भट्टीत भाजून पक्की केलेली आहे, आणि तरी त्या दिवशी अभिषेक झालेला नाही! व्हॅटिकनचे दैनिक वृत्तपत्रक नेमणूक झाल्याचे विश्वसनीय साधन आहे, आणि १९०९ पासून निघणारे त्यांचे अधिकृत राजपत्र त्याहून पक्के. पण ताबा केव्हा घेतला हे पाहावयाचे तर त्या धर्मप्रांताचे स्वतःचे पत्रक, किंवा समारंभ होऊन गेल्यावर छापलेले स्थानिक वर्तमानपत्र शोधले पाहिजे. नियमात दोन महिन्यांची मुदत आहे म्हणून दोन महिने मोजून तारीख बसवणे हा तर्क झाला. विकिपीडियाचा स्वतःचा दंडकही असा तर्क लेखात घालू देत नाही. आणि एक सापळा असा: कोशात कोणी चूक लिहितो, घाईतला बातमीदार ती उचलतो, आणि मग तीच बातमी कोशाला आधार म्हणून जोडली जाते. चोराने आपल्याच सावलीला साक्षीला आणावे तसा हा प्रकार. म्हणून आधाराची तारीख लेखातील नोंदीच्या तारखेशी ताडून पाहावी. प्रत्येक लेखाच्या मागे त्याचा इतिहास जपलेला असतो, कोणी काय केव्हा बदलले ते सारे. ही सोय केतकरांच्या ज्ञानकोशाला नव्हती. आधार मिळालाच नाही तर जागा रिकामी सोडावी.

इंग्रजी कोशात अशा चुकीवर दहा जणांची नजर पडते आणि चर्चापानावर वादही होतो. मराठीत लिहिणारे थोडे. म्हणून चूक झाली की ती वर्षानुवर्षे तशीच निजून राहते. पण मराठीजवळ एक साधन आहे जे इंग्रजी लेखकांच्या हाती सहसा नसते. ‘निरोप्या’ हे मराठी ख्रिस्ती मासिक १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने नगर जिल्ह्यात सुरू केले. हेच डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने जर्मन जेझुइटांना येथे राहू दिले नाही. १९२१ साली डोरिंग यांची नेमणूक जपानात हिरोशिमाला झाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याचे बिशप झाले आणि १९४८ पर्यंत राहिले. ‘पुण्याचे बिशप, १९०७ ते १९४८’ असे कोणी लिहिले तर मधले हिरोशिमा नाहीसे होते. त्यांच्या जाण्यायेण्याचे दिवस, स्वागताच्या सभा, ताबा घेतल्याचे वर्तमान, हे सारे शोधावयाचे तर त्या वर्षांचे ‘निरोप्या’ चाळले पाहिजेत. वसईकडच्या नोंदींसाठी ‘सुवार्ता’ आहे. नगर, श्रीरामपूर, वसई या बाजूला कोणाच्या माळ्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा पडला असेल, तर तो रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी कृपा करून एकदा उघडून पाहा, आणि अंकाचा महिना, वर्ष व पृष्ठ टिपून घ्या.